बेल्ट आहे गं, आई

काचीगुड्याहून एका काकूंचा मेल आला. त्यांचा मुलगा मिशिगनमध्ये नोकरीला आहे आणि ऑफिसातल्या मित्रांबरोबर दोन वर्षांपासून हरणाच्या शिकारीला जायला लागलाय. काकूंच्या घरी अंडंसुद्धा बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीवर शिजतं, त्यामुळे पहिला धक्का तोच होता. तो त्यांनी पचवला. दुसरा धक्का फोटोचा. झाडाच्या खोडाला लावलेली खुर्चीएवढी लोखंडी बैठक, जमिनीपासून दीड-दोन मजले उंच, आणि तिच्यावर केशरी जाकिटात चिरंजीव. "एवढ्या उंच बसतोस, पडलास म्हणजे?" असं विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं, "बेल्ट आहे गं, आई." काकू पुढे लिहितात, "तू इंजिनिअर ना, मग मला सांग. हा बेल्ट म्हणजे नक्की काय असतं, आणि तेवढ्यावर माझं समाधान व्हावं का?"

या सदरात आपण प्रेशर कुकरची शिट्टी उघडली, लिफ्टचा ब्रेक पाहिला, घरातला ईएलसीबी का उडतो ते पाहिलं. झाडावरच्या शिकाऱ्याचा पट्टा माझ्या यादीत कधीच नव्हता. पण प्रश्न बिनतोड आहे. शिकार योग्य की अयोग्य, तो वाद काकू आणि चिरंजीव घालतीलच, त्यात मी पडत नाही. पट्ट्याबद्दल मात्र सांगतो. काकू, समाधान तूर्त अर्धंच करून घ्या. उरलेलं अर्धं मुलाच्या एका उत्तरावर आहे. तो प्रश्न कोणता, ते पुढे येईल.

आधी ती बैठक. आपल्याकडे तिला मचाण म्हणतात, आणि इंग्रजांनी हा शब्द इथूनच उचलून आपल्या शिकारकथांत नेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची शिकारीची मचाणं संपली. आता मचाणावर कोणी बसलंच तर शेताची राखण करायला, नाहीतर बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला. अमेरिकेत मात्र मचाण जोरात आहे. तिथे त्याला ट्रीस्टँड म्हणतात आणि तो सुटे भाग जोडून उभा करायचा तयार माल म्हणून दुकानात मिळतो. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १५ ते ३० नोव्हेंबर हे बंदुकीचे दिवस. १५ नोव्हेंबर तिथे जवळजवळ सणच असतो, काही गावांत शाळांना सुट्टी असते. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मोसम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. आमच्या टीममधला एक सहकारी तिथला आहे. त्या आठवड्यात त्याच्याशी कॉल ठरवायचा नाही, हे आम्ही शिकून घेतलंय. या लेखातलं बरंचसं साहित्य मी त्याच्याकडून व्हिडिओ कॉलवर पाहून घेतलं. हार्नेस कसा घालतात हे दाखवताना त्याचं कुत्रं मध्ये मध्ये येत होतं, तेवढाच व्यत्यय.

झाडावर का चढायचं? हरणाची नजर आणि नाक दोन्ही तिखट. माणूस १५-२० फूट वर असला की तो सहसा त्याच्या नजरेच्या रेषेत येत नाही, वासही वरच्या वर जाण्याची शक्यता वाढते आणि माणसाला लांबवरचं दिसतं. शिवाय खालच्या दिशेनं मारलेली गोळी चुकली तरी जमिनीत जाते. म्हणजे उंचीचा एक भाग चक्क सुरक्षेसाठीच आहे, हे मला गंमतीचं वाटलं.

स्टँडचे मुख्य प्रकार तीन. शिडीचा स्टँड, म्हणजे खोडाला टेकवून पट्ट्यांनी बांधलेली शिडी आणि तिच्या टोकाला बैठक. दुसरा टांगता स्टँड. खोडाला आधी पायऱ्यांचे तुकडे बांधत वर जायचं आणि मग बैठक पट्ट्यानं आवळायची. तिसरा स्वतःच चढणारा, ज्याला नुसतं क्लायंबर म्हणतात. त्याचे दोन भाग असतात, एक हातांचा आणि एक पायांचा, आणि दोन्हींतून खोडाभोवती वायररोप फिरवलेला. बसायचं, पायांचा भाग वर ओढायचा, उभं राहायचं, हातांचा भाग वर सरकवायचा. गोवा-कारवारकडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. केरळातून आलेलं नारळाच्या झाडावर चढायचं ते यंत्र, चेंबेरी जोसेफ मॉडेल, याच तत्त्वावर चालतं. वजन आलं की दोर खोडाला आवळतो, वजन काढलं की सुटतो.

आता महत्त्वाची गोष्ट. झाडावर बसलेला माणूस झोप लागून पडतो, अशी आपली समजूत असते. तसंही होतं, पहाटे चारला उठून थंडीत तासन्‌तास गप्प बसलं की डुलकी येणारच. पण बरीचशी पडझड बसलेलं असताना होत नाही. ती चढताना होते, उतरताना होते, शिडीवरून फळीवर पाय टाकताना आणि फळीवरून शिडीवर मागे येताना होते. स्टँड बांधताना आणि मोसम संपल्यावर काढताना होते. जरा डोळ्यांसमोर आणा. सूर्योदयापूर्वीचा अंधार, पायरीवर दव गोठलेलं, पायात जाड बूट, अंगावर तीन थर, हातमोज्यांमुळे बोटांना काही जाणवत नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी माणूस कशालाच बांधलेला नसतो. कारण त्याचा हिशोब असा असतो की वर पोचलो, बसलो, की मग बेल्ट लावायचा.

म्हणून "बेल्ट आहे" हे उत्तर अर्धं. काकूंनी विचारायचा प्रश्न हा, की "तो झाडाला कधी अडकवतोस?" उत्तर "वर गेल्यावर" आलं तर सर्वांत धोक्याच्या वेळी तो बेल्ट म्हणजे नुसता पोशाख. उत्तर "जमिनीवरच" आलं तर मुलगा शहाणा आहे.

पण जमिनीवरच अडकवायचं म्हणजे कशाला? तिकडे जाण्याआधी पट्टा स्वतः काय करतो ते पाहू, कारण त्यातही भेद आहेत.

अठरा फुटांवरून सुटलेला माणूस एका सेकंदाहून किंचित जास्त वेळात जमिनीवर येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी ३७ किलोमीटर असतो. हेल्मेटशिवाय, बंपरशिवाय. पडणारा माणूस थांबवायला पट्टा लागतो हे सगळ्यांना कळतं. पण मधल्या मध्ये झटक्यानं थांबवणं हाही एक आघातच, हे चटकन लक्षात येत नाही. कपड्यांसकट ९० किलोचा माणूस धरा. दोरीला एक मीटर ढील आहे, तो एक मीटर मोकळा पडला आणि दोरीनं त्याला पुढच्या १० सेंटिमीटरमध्ये थांबवलं. दोरीवर आणि त्याच्या शरीरावर सरासरी त्याच्या वजनाच्या अकरा पट जोर येतो, म्हणजे टनाच्या आसपास. तोच माणूस अर्ध्या मीटरमध्ये हळूहळू थांबवला तर जोर तीन पट. आणि ढील मुळातच १० सेंटिमीटर असेल तर, थांबायला तेवढेच १० सेंटिमीटर मिळूनही, फक्त दुप्पट. अकरावीच्या फिजिक्सच्या बाहेरचं यात काही नाही. पण यातून दोन नियम निघतात. ढील कमीत कमी ठेवा, आणि थांबवणारी वस्तू थोडी ताणली जाऊ द्या.

हा जोर शरीराच्या कोणत्या भागावर येतो तेही तितकंच महत्त्वाचं. जुन्या काळी शिकारी कमरेला एकच पट्टा बांधत, काही जण छातीभोवती दोरी. कमरेच्या पट्ट्यावर थांबलेला माणूस मध्ये दुमडतो. सगळा जोर पोटावर, बरगड्यांवर आणि मणक्यावर. पट्टा काखेपर्यंत सरकला तर श्वास कोंडतो, कंबर बारीक असेल तर माणूस उलटा होऊन त्यातून निसटतो. अमेरिकेतल्या कामाच्या ठिकाणी पडणाऱ्याला थांबवण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून मनाई आहे. त्याच्या जागी आला फुल बॉडी हार्नेस. दोन खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती पट्टे. पडल्यावर जोर मुख्यतः मांड्या आणि ढुंगणावर येतो, जे शरीराचे दणकट भाग आहेत, आणि पाठीच्या वरच्या बाजूच्या कडीमुळे माणूस डोकं वर ठेवून लोंबकळतो.

सह्याद्रीत रॅपलिंग केलेली मंडळी म्हणतील की आम्ही तर कमर-मांडीचाच हार्नेस घालतो. बरोबर. रॅपलिंगमध्ये दोरी सतत ताणलेली असते आणि समोरून असते, तुम्ही पडत नसता, तर उतरत असता. झाडावरचा शिकारी मात्र पाठ खोडाकडे करून बसतो आणि बेसावध पुढे कोसळतो, म्हणून पाठीची कडी आणि खांद्यांचे पट्टे.

दुकानातून स्टँड घेतला तर हा हार्नेस बहुतेक वेळा त्याच खोक्यात येतो. अमेरिकेत ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन नावाची उत्पादकांची संघटना आहे आणि तिच्या प्रमाणपत्राच्या स्टँडबरोबर तो द्यावाच लागतो. माझ्या सहकाऱ्याचं मत असं, की खोक्यातला हार्नेस जीव वाचवतो पण घालायला वैताग. पट्ट्यांचा गुंता होतो, अंधारात मांडीचा पट्टा कुठला आणि खांद्याचा कुठला ते कळत नाही. त्यानं पैसे घालून जाकिटासारखा घालता येणारा घेतला. मला हे पटलं. सुरक्षेची वस्तू वापरायला किचकट असेल तर माणूस तिला फाटा देतो, हे आम्ही सॉफ्टवेअरवाले पासवर्डच्या बाबतीत रोज पाहतो.

हार्नेसच्या पाठीपासून झाडापर्यंत जाणारा छोटा पट्टा म्हणजे टेदर. झाडाभोवती एक पट्टा आवळायचा आणि टेदर त्याला कॅराबिनरनं, म्हणजे गिर्यारोहकांच्या झाकणवाल्या कडीनं, जोडायचा. हा झाडाचा पट्टा डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर हवा. बसल्यावर टेदर जवळजवळ ताठ असला पाहिजे, इतका की पुढे वाकल्यावर पाठीला जाणवेल. कमरेच्या उंचीवर बांधलेला टेदर म्हणजे ढील, आणि ढिलाचा हिशोब आपण वर केलाच. बऱ्याच टेदरमध्ये दुमडून शिवलेला एक जाडसर भाग असतो. झटका बसला की ती शिवण टरटरत उसवते आणि त्या उसवण्यात धक्का जिरतो. एकदा उसवली की ते टेदर कचऱ्यात. फ्यूजसारखंच, काम झालं की संपलं.

आता जमिनीवरच अडकवायचं कशाला, ते. याला लाइफलाइन म्हणतात, आणि या सगळ्या सरंजामातली मला सर्वांत आवडलेली वस्तू हीच. बैठकीच्या वर झाडाला एक जाड दोर बांधलेला असतो, तो खोडाला लागून खाली मुळापर्यंत येतो. या दोरावर एका बारीक दोरीची फिरती गाठ असते, तिला तुमचं टेदर जोडायचं. गाठीचं नाव प्रुसिक. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं ती १९३१ मध्ये लोकांपुढे आणली. बारीक दोरीचा फासा जाड दोराभोवती तीन वेळा गुंडाळून त्याच्यातूनच बाहेर काढायचा, बस्स. हातानं ढकलली तर गाठ दोरावर सहज सरकते. पण टेदरवर वजन आलं की वळसे आवळतात आणि जागच्या जागी चिकटून बसतात. स्प्रिंग नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखा एकही भाग नाही. चढता चढता दर दोन पायऱ्यांनी गाठ डोक्याच्या वर सरकवायची. जमिनीवर पाय असताना जोडायची, परत जमिनीवर पाय टेकल्यावरच सोडायची. मधल्या कोणत्याही क्षणी पाय निसटला तर माणूस फूट-दोन फुटांत थांबतो.

एक बारकावा आहे. पडताना माणसाचा हात आपोआप समोर दिसेल ते धरतो. त्यानं ती गाठच मुठीत धरली तर ती आवळायच्या ऐवजी हाताबरोबर घसरत खाली येऊ शकते. म्हणून गाठ सरकवायची, आणि हात काढून शिडीवर न्यायचा. घरी, दोन फुटांवर, दिवसाउजेडी याचा सराव केलेला बरा.

पण लाइफलाइन वर बांधायला पहिल्यांदा कोणीतरी वर जायलाच हवं. तेव्हा लाइनमन बेल्ट, म्हणजे विजेच्या खांबावरचा वायरमन वापरतो तसा, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून खोडाभोवती फिरवलेला पट्टा. मागे रेलून दोन्ही हात कामाला मोकळे मिळतात. हा पट्टा जागेवर टेकून राहण्यासाठी असतो. पाय निसटून अंग खोडाला चिकटलं की त्यात ढील येते आणि तो खोडावरून खाली घसरत जाऊ शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

समजा सगळं बरोबर होतं, मुलगा घसरला आणि हार्नेसनं त्याला पकडलं. फोटोत इथे गोष्ट संपते. प्रत्यक्षात इथून घड्याळ सुरू होतं. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणाऱ्याच्या पायांत रक्त साचत जातं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात, इथे पायाखाली काहीच नसतं. वर मांड्यांना पट्टे आवळलेले. काही मिनिटांत चक्कर येऊ शकते, शुद्ध हरपू शकते, आणि पुढे जिवावर बेतू शकतं. म्हणून लोंबकळलं की लगेच शिडीवर किंवा फळीवर परत यायचा प्रयत्न करायचा. टेदर आखूड असेल तर तीही हाताशी असतात, ढिलाविरुद्ध आणखी एक मुद्दा. ते जमत नसेल तर हार्नेसबरोबर येणारा एक साधा फासा वापरायचा. तो वर अडकवून त्यात पाय घालायचा आणि त्यावर उभं राहून मांड्यांवरचा भार काढायचा. तोही नसेल तर खोडाला पायांनी रेटा देत राहायचं, पाय हलते ठेवायचे. आणि फोन. तो पाठीवरच्या पिशवीत असून उपयोग नाही, कारण लोंबकळताना पाठीमागे हात जात नाही. छातीवरच्या खिशात हवा, सोबत शिट्टी. त्याहून आधी, कोणत्या झाडावर आहे आणि किती वाजता परतणार हे कोणाला तरी सांगून निघायला हवं. काकू, हैदराबादेत बसून तुम्ही करू शकाल असं हे एक काम आहे. मुलाला म्हणावं, लोकेशन मित्राला पाठव. तुम्हाला पाठवून उपयोग नाही, तुम्ही आठ हजार मैलांवरून शिडी घेऊन कुठे जाणार?

स्टँडचं सांगायचं राहिलं, ते भराभर सांगतो. त्याचे पट्टे वर्षभर उन्हापावसात लटकले तर कुजतात, खारी ते कुरतडतात, आणि झाड वाढतं म्हणून ते आतल्या आत ताणले जातात. मोसम संपला की काढून ठेवावेत. हार्नेसवरही लेबल असतं, बहुतेक कंपन्या पाच वर्षांत बदला म्हणतात आणि एकदा पडझड झेललेला तर लगेच. स्टँडवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, पुष्कळदा ३०० पौंड, त्यात कपडे, बूट आणि सामान धरायचं असतं. झाड जिवंत आणि सरळ हवं. मिशिगनमध्ये हे विशेष, कारण तिथली अ‍ॅश जातीची झाडं पन्ना रंगाच्या एका भुंगेऱ्यानं पोखरून वाळवली आहेत. २००२ मध्ये तो भुंगेरा डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा ओळखला गेला. वाळलेलं अ‍ॅश ठिसूळ असतं, त्याला स्टँड बांधायचा नाही. बंदूक किंवा धनुष्य घेऊन चढायचं नाही. बंदूक रिकामी करून खाली ठेवायची आणि वर बसून, बेल्ट अडकवून, मग दोरीनं ओढून घ्यायची. मिशिगनमध्ये १९६० किंवा नंतर जन्मलेल्याला नेहमीचा परवाना घ्यायचा तर हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो. चिरंजीवांनी तो केला असेल तर यातलं त्यांना काहीच नवीन नसावं. तरी विचारा.

मेलला उत्तर एवढंच होतं. पण हे सगळं समजून घेताना मला सारखी आठवण येत राहिली ती आपल्याच शहराबाहेरच्या झाडांची. एप्रिलमध्ये आउटर रिंग रोडच्या कडेला आपण गाडी थांबवून मुंजलु घेतो, घरी येऊन ताडगोळे म्हणून खातो. ते फळ कोणीतरी साठ-सत्तर फुटांवरून उतरवलेलं असतं. ताडाला फांदी नाही, शिडी नाही. साठ फुटांवरून पडलेल्या माणसाचा जमिनीवर येतानाचा वेग ताशी ६८ किलोमीटर होतो. मिशिगनचा हौशी शिकारी वर्षातले मोजके दिवस झाडावर असतो. तेलंगणातला ताडी काढणारा गौड मोसमात रोज, सकाळी आणि संध्याकाळी, एका झाडावरून दुसऱ्यावर जात असतो.

त्याचं पिढीजात साधन म्हणजे मोकू, खोड आणि कंबर यांच्याभोवतीचा जाड दोराचा वेढा. पायांत गुजी नावाचा फासा. मागे रेलायचं, दोर खोडाला घट्ट धरतो, पाय वर घ्यायचे, मग झटक्यात दोर वर फेकायचा. हातात चाकू आणि मडकं असताना दोन्ही हात मोकळे मिळतात. पाहताना वाटतं, किती सुरेख. पण ओळखलंत ना? हा हुबेहूब लाइनमन बेल्ट आहे. रेललेलं असेपर्यंत पक्का, पाय निसटून अंग खोडाला चिकटलं की ढिला. दोर वर फेकतानाचा तो अर्धा सेकंद तर दर पावलाला येतो, आणि पावसात खोड बुळबुळीत असतं.

जुलै २०२४ मध्ये तेलंगण सरकारनं ताडी काढणाऱ्यांना सुरक्षा संच द्यायला सुरुवात केली. मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या हस्ते ते सुरू झालं आणि संचाला गौड समाजाच्या दैवताचं नाव दिलं, काटमय्या रक्षा कवचम्‌. हार्नेस, दोर, कड्या, असा गिर्यारोहणातल्या साधनांच्या धर्तीवरचा हा संच आहे. नाव निवडणाऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. परक्या कारखान्यातून आलेली वस्तू म्हणून ती खुंटीला टांगली जाण्यापेक्षा देवाच्या नावानं अंगावर चढलेली बरी.

पुढची अडचण इंजिनिअरची आहे. शिकाऱ्याचं झाड ठरलेलं, म्हणून तो लाइफलाइन एकदा बांधून मोसमभर ठेवू शकतो. ताडीवाल्यानं प्रत्येक झाडावर दोर टांगून ठेवायचा म्हटलं तर दोराचाच खर्च कमाईच्या वर जाईल, म्हणून त्याची सुरक्षा त्याच्या अंगाबरोबर झाडोझाड फिरायला हवी. समजा दिवसाला तीस चढाया आणि प्रत्येक चढाईला बांधण्या-सोडण्याची दोन मिनिटं जास्त. पूर्ण एक तास गेला. ताडी उन्हानं आंबत चाललेली, गिऱ्हाईक खाली उभं. हा तास कोणाच्या खिशातून जाणार? शिकाऱ्याची दोन मिनिटं हौसेतून जातात, याची रोजगारातून. म्हणून मला वाटतं, इथे संच वाटून काम संपत नाही. तो घालून चढायचं शिक्षण, आणि चढणाऱ्यांचंच ऐकून दर वर्षी त्यातली एखादी कडी, एखादा पट्टा कमी करत जाणं, हे खरं काम. नारळ विकास मंडळानं २०११ पासून केरळात नारळावर चढणाऱ्यांसाठी यंत्राबरोबर प्रशिक्षण आणि विमा दोन्ही दिलं, ती वाट बरी वाटते. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिली आवृत्ती बाजारात आली आहे, आता बग रिपोर्ट झाडावरून यायला हवेत.

तोपर्यंत घरच्या घरी करण्यासारखं एक आहे. तिसऱ्या मजल्याबाहेर एसीचं युनिट बसवायला मुलगा येतो, टाकी धुवायला येतो, गावाकडच्या वाड्यातले नारळ उतरवायला येतो. त्यानं हार्नेस घातलेला असतो, कधी कधी तर नवाकोरा, आयएस ३५२१ चा शिक्का असलेला. फक्त त्याची दोरी कशालाच बांधलेली नसते, नाहीतर खिडकीच्या गजाला गुंडाळलेली असते. अशा वेळी चहा विचारण्याआधी विचारा, "भाऊ, हे टोक कुठे अडकवणार?" कॉलमला किंवा भिंतीतल्या पक्क्या अँकरला म्हणाला तर ठीक. गजाला म्हणाला तर काम थांबवा, सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करा आणि गच्चीवर एक पक्का हुक बसवून घ्या. एकदाचा खर्च आहे, सगळ्या मजल्यांना चालतो.

पुढच्या महिन्यात गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. इंदूरच्या दोन वाचकांनी विचारलंय की त्यातून थेंब थेंब पाणी गळतं ते बंद करावं का. तोवर करू नका.